मावशी सिस्टर का होत नाही?

तालुक्याच्या कुठल्याही रुग्णालयात रात्री अकरानंतर वॉर्डात जाऊन पाहा. डॉक्टर बोलावलं तर येणारे, सिस्टर दोन वॉर्डांना मिळून एक, आणि रुग्णाच्या हाकेला पहिली उठते ती मावशी. भांडं देते, चादर बदलते, बाळंतिणीला धरून संडासापर्यंत नेते, सलाईन संपत आलं की सिस्टरला उठवते. पंधरा-वीस वर्षं हे काम करून ती घरी बसते तेव्हाही मावशीच असते. गावात आशाताईचं याहून फार वेगळं नाही.

खालच्या पायरीवरच्या या माणसांना शिकवून वर आणावं, त्यासाठी रुग्णालयं, प्रशिक्षण केंद्रं, सरकार आणि कामगार संघटना यांनी हातमिळवणी करावी, हे सगळ्यांनाच पटतं. वाद सुरू होतो तो पैसे कोणी भरायचे, शिकायला गेलेलीची ड्युटी कोणी करायची आणि शिकून झाल्यावर ती राहणार कुठं, या तीन प्रश्नांपाशी. त्या वादाच्या दोन्ही बाजू इथं समोरासमोर बसवल्या आहेत. एक आहेत तालुक्याच्या गावी पन्नास खाटांचं रुग्णालय चालवणारे डॉक्टर. दुसऱ्या, एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) प्रशिक्षण केंद्रात शिकवून निवृत्त झालेल्या सिस्टर. माणसं रचलेली आहेत. त्यांच्या तोंडचे मुद्दे या क्षेत्रात रोज ऐकू येतात. मधूनमधून मीही बोललो आहे, कारण या वादात मी तटस्थ नाही.

डॉक्टर : सिस्टर, शिकवायला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. माझ्याकडे एक मुलगी होती, बारावी झालेली, हाताला वळण असलेली. तिची एएनएमची फी मी भरली. दोन वर्षं तिच्या जागी दुसरी बाई ठेवली. मुलगी पास झाली, नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदवलं आणि चार महिन्यांत जिल्हा परिषदेच्या भरतीत लागली. तिचं भलं झालं, मला आनंद आहे. पण पुन्हा कुणाची फी भरायची माझी छाती होत नाही.

सिस्टर : पास झाल्यावर तुम्ही तिला किती देणार होता?

डॉक्टर : परवडेल तेवढं. सरकारी पगाराशी मी बरोबरी करू शकत नाही. सरकारी योजनेतल्या पेशंटची बिलं महिनोन्‌महिने अडकतात, बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला जातो.

सिस्टर : मग ती गेली यात तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आणि ती गेली कुठं? याच जिल्ह्यातल्या उपकेंद्रात. तुमच्या रुग्णालयात नवव्या महिन्यात येणाऱ्या बाईची पहिली नोंद आता तीच करत असेल. जिल्ह्याच्या दृष्टीनं पैसे वाया गेले नाहीत. खर्च एकट्या तुम्ही केला आणि लाभ सगळ्यांना झाला, एवढंच.

डॉक्टर : तेच तर म्हणतोय. लाभ सगळ्यांचा असेल तर खर्चही सगळ्यांनी करावा. एकट्यानं केला की माणूस एकदाच करतो.

डॉक्टरांच्या या वाक्यात सगळ्या प्रश्नाची किल्ली आहे, आणि ती त्यांनी तक्रार म्हणून मांडली असली तरी मी ती उपाय म्हणून वाचतो. आपल्याकडे या भीतीवर सहसा जे केलं जातं ते फार वाईट आहे. बाँड लिहून घ्यायचा, मूळ प्रमाणपत्रं कपाटात कुलूप लावून ठेवायची, आणि सोडून जाते म्हटलं की लाखाची मागणी करायची. शिकलेल्या परिचारिकेला ओलीस धरून कोणतंही रुग्णालय चांगलं चाललेलं मी ऐकलेलं नाही.

सिस्टर : सगळ्यांनी मिळून खर्च करायचा, हे करून दाखवलंय लोकांनी. न्यूयॉर्कमध्ये १९५९ साली सात रुग्णालयांतल्या साडेतीन हजार कामगारांनी ४६ दिवस संप केला. स्वयंपाकघरात भांडी घासणारे, कपडे धुणारे, वॉर्डातल्या मदतनीस बाया. बहुतेक कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोहून आलेले. ‘११९९’ ही त्यांची संघटना. मुळात ती औषधदुकानांत काम करणाऱ्यांची होती. मार्टिन ल्यूथर किंग तिला आपली आवडती संघटना म्हणत. संपानंतर पगार वाढू लागले, पण भांडी घासणारा भांडीच घासत राहिला. म्हणून १९६९ साली संघटनेनं आणि रुग्णालयांनी करार करून प्रशिक्षणाचा वेगळा निधी उभा केला. फिलाडेल्फियाच्या शाखेनं १९७४ मध्ये तेच केलं. तिथं रुग्णालयांनी पगारावरच्या एकूण खर्चाच्या दीड टक्का रक्कम निधीत भरायची असं ठरलं. निधीवर देखरेख मालकांच्या आणि कामगारांच्या प्रतिनिधींची मिळून. मदतनीस बाईनं कामावर राहून संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी शिकायचं, आधी तिथल्या धाकट्या परवान्याची नर्स व्हायचं, मग पूर्ण नर्स.

डॉक्टर : अमेरिकेत संघटना दांडगी, रुग्णालयं हजार खाटांची. आमच्याकडे पन्नास खाटा आणि वीस-बावीस माणसं. त्यातली निम्मी ठेकेदाराची.

सिस्टर : तुमचा महिन्याचा पगारखर्च किती असेल?

डॉक्टर : सगळे मिळून आठ लाख धरा.

सिस्टर : दीड टक्का म्हणजे बारा हजार.

डॉक्टर : बारा हजार म्हणजे एका मावशीचा पगार, सिस्टर!

सिस्टर : बरोबर. शिकायला गेलेल्या एका मावशीच्या जागी बदली बाई ठेवता येईल, एवढे. तालुक्यातल्या, शेजारच्या तालुक्यांतल्या तुमच्याएवढ्या दहा रुग्णालयांनी भरले तर वर्षाला चौदा लाखांच्या वर जातात. मग शिकून एखादी तुमच्याकडून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली तर तुम्हाला वाईट वाटायचं कारण नाही, कारण त्यांच्या पैशांतून शिकलेली एखादी तुमच्याकडे येणारच आहे.

डॉक्टर : आणि हे वसूल कोण करणार? आपण होऊन कोणी भरत नाही. तीन जण भरतील आणि उरलेले सात शिकलेल्या बायका पळवतील.

सिस्टर : त्यासाठी अमेरिकेला जायला नको. १९६९ सालीच आपल्याकडे माथाडी कायदा झाला.

इथं मी सिस्टरांच्या मदतीला येतो, कारण या वादात माथाडी कायद्याची आठवण सहसा कोणी काढत नाही. हमालाला ठरलेला मालक नव्हता. आज या पेढीवर, उद्या त्या. त्यामुळे त्याच्या भविष्यनिधीची जबाबदारी कोणाचीच नव्हती. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून झालेल्या कायद्यानं मालक, कामगार आणि शासन यांची मंडळं नेमली. मालकानं मजुरी मंडळात भरायची, तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही भरायची, आणि त्या लेव्हीतून भविष्यनिधी, रजा, बोनस, औषधपाणी. हमाल कोणत्याही पेढीवर गेला तरी त्याचं खातं एकच. १९८१ साली हीच रचना खासगी सुरक्षारक्षकांना लागू झाली. म्हणजे रुग्णालयाच्या फाटकावर उभा असलेला रक्षक मंडळाचा असू शकतो, आणि आत वॉर्डात रात्रभर जागणारी मावशी मात्र कुठल्याच मंडळाची नसते. या लेव्हीत प्रशिक्षणाचा एक भाग जोडला तर फिलाडेल्फियात जे झालं ते इथं कायद्यानं करता येईल. नवी कल्पना आयात करायची गरज नाही, आपलीच जुनी रचना एका नव्या कामाला लावायची आहे.

डॉक्टर : माथाडीच्या नावावर बोगस संघटनांनी किती उद्योजकांना छळलं तेही लिहा. मंडळ म्हटलं की कार्यालय आलं, रजिस्टरं आली, तपासणी आली. आधीच मला किती परवाने सांभाळावे लागतात ते तुम्हाला माहीत आहे.

सिस्टर : ती भीती खरी आहे. म्हणून मी म्हणते, आधी एका जिल्ह्यात करून पाहा. पैसे कशावर गेले ते दर वर्षी छापा. किती जणी शिकायला बसल्या, किती पास झाल्या, किती जणींना जागा मिळाली. तीन रकाने पुरेत.

डॉक्टर : ठीक. पैशांचं क्षणभर बाजूला ठेवू. माझा खरा आक्षेप वेगळा आहे. नर्सिंग हे बक्षीस नाही. दहा वर्षं इमानदारीनं काम केलं म्हणून कोणाला नर्स करायचं, हे मला मान्य नाही. औषधाच्या मात्रेत दशांशचिन्ह एक घर सरकलं तर लेकरू जातं. बारावीला जेमतेम पास झालेली, चाळिशीला आलेली बाई, तिच्या हातात मी बालरुग्ण विभाग देऊ?

सिस्टर : आज तुमच्याकडे रात्री आयव्ही कोण लावतं?

डॉक्टर : सिस्टर.

सिस्टर : नोंदणी असलेली?

डॉक्टरांनी यावर उत्तर दिलं नाही, आणि महाराष्ट्रातल्या फार थोड्या छोट्या रुग्णालयांना ते छातीठोकपणे देता येईल. पांढरा किंवा निळा गणवेश घातलेली, पेशंट जिला सिस्टर म्हणतात ती मुलगी कित्येकदा कुठलाच मान्य अभ्यासक्रम शिकलेली नसते. आधीच्या मुलीचं बघून ती शिकते, तिचं बघून पुढची. नोंदणीची परिचारिका परवडत नाही म्हणून हे चालतं. तेव्हा ‘कमी शिकलेल्या बाईच्या हातात पेशंट कसा द्यायचा’ हा प्रश्न प्रशिक्षणाच्या विरोधात वापरता येत नाही. पेशंट तिच्याच हातात आहे. तिला शिकवायचं की तसंच ठेवायचं, एवढंच ठरवायचं आहे.

सिस्टर : मी एकदा एका रुग्णालयातल्या मावशींना थेंबांचा हिशोब शिकवत होते. पाचशे एमएलची बाटली, आठ तासांत द्यायची, सेटचे वीस थेंब म्हणजे एक एमएल. फळ्यावर मांडलं. पाचशे गुणिले वीस, दहा हजार थेंब. आठ तासांची मिनिटं चारशे ऐंशी. भागाकार केला, मिनिटाला साधारण एकवीस थेंब. मग घड्याळ हातात देऊन थेंब मोजायला बसवलं. नळीवरचं चाक थोडं सैल केलं की तीस होतात, आवळलं की बारा. दोन बोटांत ते चाक धरून त्या एकवीसवर आणत होत्या. त्यातली एक, पन्नाशीला आलेली, उठून म्हणाली, “मंग इतकी वर्सं आमी अंदाजानंच सोडत व्हतो का?” रात्री बाटली संपली की सिस्टर येईपर्यंत तीच बदलत असे. तिला बोटाचं कसब होतं, फक्त भागाकार कोणी सांगितला नव्हता. डॉक्टर, तुम्ही म्हणता ती चूक होऊ नये म्हणूनच अभ्यासक्रम असतो. परीक्षा सोपी करा असं मी एकदाही म्हटलेलं नाही. परीक्षेपर्यंत पोचायची वाट मोकळी करा, एवढंच म्हणते.

डॉक्टर : वाट आहे की. कौशल्य विकासाचे अभ्यासक्रम गावोगाव निघालेत. जनरल ड्युटी असिस्टंट. कोविडमध्ये २०२१ साली तर केंद्रानं लाखभर लोकांना झटपट तयार करायची योजना काढली होती. आपल्या नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचाही रुग्णसहायकाचा अभ्यासक्रम आहे.

सिस्टर : आहे, आणि मी त्याला नावं ठेवत नाही. पण जीडीएचं प्रमाणपत्र घेतलेली मुलगी उद्या एएनएमला आली तर तिला त्याची काय सवलत मिळते? काही नाही. पहिल्या दिवसापासून, त्याच पुस्तकापासून. हात धुण्यापासून पलंग घालण्यापर्यंत जे तिनं शिकून, करून झालंय तेच पुन्हा. एक प्रमाणपत्र दुसऱ्याला जोडलेलंच नाही.

डॉक्टर : नर्सिंगमध्ये तरी जोडलेलं आहे ना?

सिस्टर : आहे, म्हणून तर राग येतो की खालीच का तुटतं. एएनएम झालेली पुढे जीएनएमला, म्हणजे पूर्ण परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला, जाऊ शकते, आणि तिथं तिला वयाची अट नाही. जीएनएम तीन वर्षांचं. त्यानंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी. इग्नूचा तोच अभ्यासक्रम नोकरीत असलेल्या परिचारिकांसाठी दूरशिक्षणातून चालत आलाय. खेड्यातली आरोग्यसेविका पुढे आरोग्य सहायिका होते. ही साखळी कौन्सिलनं विचार करून बांधलेली आहे. फक्त तिची पहिली कडी एएनएमपासून सुरू होते. तिच्या खाली उभ्या असलेल्या मावशी, मामा आणि आशा यांचा हातच तिथं पोचत नाही. मामांची तर आणखी अडचण, कारण एएनएम फक्त बायकांसाठी. वॉर्डबॉयला थेट जीएनएमच गाठावं लागतं.

डॉक्टर : आता आशांचं काढलंत म्हणून बोलतो. तिथं मी तुमच्या पूर्ण विरोधात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. जंतुसंसर्ग ओळखणं, जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं इथपर्यंत. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरलेला. त्या बायका नर्स नव्हत्या. जामखेडला आरोळे दांपत्यानं १९७० पासून ज्या गावातल्या बायका तयार केल्या, त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती, बऱ्याच दलित कुटुंबांतल्या. नेमानं जामखेडला यायच्या, शिकायच्या, गावी जाऊन करायच्या. तुमच्या शिडीवर त्या पहिल्या पायरीलाच अडकल्या असत्या. त्यांचं बळ प्रमाणपत्रात नव्हतं, त्या गावच्या होत्या यात होतं. आशेला तुम्ही एएनएम केलीत की ती बदलीच्या नोकरीत गेली. गावात कोण राहिलं?

हा डॉक्टरांचा सगळ्यांत बळकट मुद्दा आहे, आणि तो झटकून टाकता येत नाही. आरोग्यातली प्रत्येक चांगली व्यक्ती वरच्या पदाकडे, म्हणजे शहराकडे, ओढली जाणं ही प्रगती नव्हे. महाराष्ट्रानं जगाला जे दाखवलं ते नेमकं उलटं होतं: गावातली बाई गावात राहूनच थोर काम करू शकते. पण जामखेड आणि गडचिरोली इथं त्या बायकांमागे एक संस्था होती, शिकवणारी माणसं दर थोड्या दिवसांनी समोर होती आणि मान होता. आशेच्या मागे काय आहे?

सिस्टर : आशा ही २००५ सालच्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातली. हजार वस्तीमागे एक. शासनाच्या लेखी ती अजून स्वयंसेविका. पगार नाही, कामागणिक मोबदला आणि वर मानधन. देशभरात त्या दहा लाखांच्या घरात आहेत. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांचा गौरव केला, आणि त्याच्या आधीही नंतरही आपल्या राज्यातल्या आशा मानधनासाठी रस्त्यावर बसल्या होत्या. तुम्ही ‘सर्च’चं नाव घेतलंत. तिथलंच ज्ञान आशांच्या सहाव्या-सातव्या पुस्तिकेत आलंय. बाळंतपण दवाखान्यात झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ती घरी जाते. बाळाला झोळीत घालून वजन करते. कपडा बाजूला करून छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. साठ किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजते, घाई करत नाही. सासू दारात उभी राहून विचारत असते, आणि हिचे ओठ आकडे मोजत हलत असतात. या सगळ्या भेटींचे मिळून अडीचशे रुपये. मी विचारते, हे शिकलेलं जमा कुठं होतं?

डॉक्टर : मुक्त विद्यालयाकडून, एनआयओएसकडून, आशांचं प्रमाणीकरण सुरू केलं होतं ना केंद्रानं?

सिस्टर : केलं, चांगलं केलं. आरोग्य मंत्रालय आणि शिक्षणसंस्था यांची ती भागीदारीच होती. पण प्रमाणपत्रानं पुढची जागा उघडते का, हे बघा. काही राज्यांनी एएनएम प्रवेशात आशांना जागा राखल्या. त्यातून गाडी पुढे सरकते. नुसता कागद घेऊन ती घरी येते तेव्हा काही सरकत नाही.

डॉक्टर : आणि वय?

सिस्टर : तिथंच घोडं अडतं. आशा निवडताना वय पंचवीस ते पंचेचाळीस बघतात. शिक्षण सुरुवातीला आठवी पुरे होतं, पुढे दहावी झालं. एएनएमला बारावी लागते आणि वयाची कमाल मर्यादा पस्तीस. आता तुम्हीच हिशोब करा. अठ्ठाविसाव्या वर्षी आशा झाली, दहा वर्षं काम केलं, मुलं जरा मोठी झाली, मधल्या काळात बाहेरून बारावी दिली. फॉर्म भरायला गेली तर अडतीस. दरवाजा बंद. जिला सगळ्यांत जास्त येतं तीच नेमकी अपात्र. एएनएम जीएनएमला येते तेव्हा वय बघत नाहीत, मग सेवेत असलेली आशा एएनएमला येते तेव्हा का बघायचं?

डॉक्टर : हे मला माहीत नव्हतं. ही अट बदलायला पैसेही लागत नाहीत.

सिस्टर : नाहीत. आणि गाव रिकामं होण्याचं म्हणाल तर उपकेंद्र पाच हजार वस्तीला, आदिवासी भागात तीन हजारांना. आशेची एएनएम झाली तर तिला त्याच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत नेमा. ती गावाची राहीलच, आणखी चार गावांची होईल.

डॉक्टर : पण सगळ्याजणींना वर जायचं नसतं, सिस्टर. घर, शेती, म्हातारी माणसं. माझ्याकडच्या दोन मावशींना मी विचारलं होतं. एक म्हणाली, “सायेब, मला शाळा नको, पगार वाढवा.”

सिस्टर : तिचंही बरोबर आहे.

इथं मी डॉक्टरांच्या बाजूनं आहे. प्रशिक्षणाच्या गप्पा कधीकधी पगाराचा प्रश्न टाळण्यासाठी मारल्या जातात. शिकलीस तर वाढेल, असं सांगितलं की न शिकणारीला उपाशी ठेवायला नैतिक आधार मिळतो. वीस वर्षं बेडसोर होऊ न देता लकव्याचे पेशंट फिरवणारी मावशी नर्स झाली नाही तरी तिचं कौशल्य वीस वर्षांचं आहे, आणि पगारात ते दिसलं पाहिजे. आशांमध्ये गटप्रवर्तक ही एक पायरी आहे, पण तीही कायम नोकरी नाही. जागेवर राहून वाढण्याची सोय आणि वर जाण्याची सोय, दोन्ही लागतात. एकीचं निमित्त करून दुसरी नाकारणं योग्य नाही.

डॉक्टर : शेवटचं विचारतो. २०२४ साली आपल्या राज्यानं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्गशी करार केला. कुशल मनुष्यबळ पाठवायचं, त्यात परिचारिका आल्या. इथं आपण एकेक नर्स घडवायची आणि ती तिकडे जायची. मग या सगळ्या निधीचा उपयोग कोणाला?

सिस्टर : त्या कराराकडे मी वेगळ्या नजरेनं बघते. समोरच्याला माणसं हवी होती, तर भाषेचं प्रशिक्षण, कागदपत्रं, तिकडची नोकरी, सगळं एका कराराखाली आलं. शिकण्याच्या टोकाला जागा ठरलेली. आपल्याच सरकारनं २०१८ नंतर समुदाय आरोग्य अधिकारी हवे होते तेव्हा हेच केलं. सहा महिन्यांचा अभ्यासक्रम, आपल्याकडे आरोग्य विद्यापीठाबरोबर, आणि पास होताच उपकेंद्रावर नेमणूक, कंत्राटी का होईना. म्हणजे कसं करायचं ते येतं आपल्याला. मावशीसाठी अजून कोणी केलेलं नाही.

डॉक्टर : दीड टक्का जरा जास्त होतो. अर्ध्या टक्क्यापासून सुरुवात करू, पण सगळ्यांनी भरायचे असतील तर मी भरीन. आमच्या डॉक्टरांच्या संघटनेत, आयएमएच्या बैठकीत, विषय काढतो. आणि तुम्ही त्या वयाच्या अटीचं निवेदन लिहा, पहिली सही माझी.

सिस्टर : लिहिते. सहीच्या खाली रुग्णालयाचा शिक्काही मारा.

दोघांचं एवढ्यावर जमलं, आणि माझ्या मते जिल्ह्याजिल्ह्यांत एवढ्यावर जमू शकतं. नर्सिंग कौन्सिलनं सेवेतल्या आशांना एएनएम प्रवेशात वयाची सूट द्यावी. राज्यानं जागा राखाव्यात. माथाडी मंडळाच्या धर्तीवर रुग्णालयांच्या लेव्हीतून निधी उभा करायचा की स्वेच्छेनं सुरुवात करायची यावर आरोग्य आणि कामगार या दोन्ही खात्यांनी एकत्र बसून निर्णय घ्यावा. एकट्या आरोग्य खात्यावर सोडलं तर हा विषय पुन्हा शिबिरं आणि प्रमाणपत्रवाटपापाशी थांबेल.

रुग्णालय चालवणाऱ्या वाचकांना मात्र कायद्याची वाट पाहायचं कारण नाही. तुमच्याकडे बारावी झालेली, पस्तिशीच्या आतली मावशी असेल, वॉर्डात काम करणारा बारावीचा मुलगा असेल, तर प्रवेशाचे फॉर्म निघण्याआधी त्यांच्याशी बोला. दहावीवर थांबलेल्यांना मुक्त विद्यालयाचा अर्ज आणून द्या. परीक्षेच्या महिन्यात त्यांना नाईट लावू नका, आणि रजेचा पगार कापू नका.